लिंब खिंडीतला हत्ती

आनेवाडीचा टोलनाका मागं पडला
की थोड्या अंतरावर, रस्त्याच्या डोक्यावर, तो बोर्ड.
आठ वर्षं मीच बघतो त्याचं.
दिवे उडाले की शिडी लावायची,
पावसाळ्यात पेटीतल्या मुंग्या झाडायच्या,
एकदा सरडा निघाला, वाळून कडक झालेला.

आठ वर्षं बोर्ड खरं तेच सांगत होता.
वेगमर्यादा ऐंशी. लेन सोडू नका.
'सावकास चला' असं दोन वर्षं झळकत होतं,
शेवटचा स चुकलेला,
आणि एकानंही कळवलं नाही.

मग डिसेंबरात एका रात्री, पावणेदोनला:

पुढे खिंडीत हत्ती आहे.
सावकाश जा. हॉर्न वाजवू नका.

शुद्धलेखन पक्कं.
तेव्हाच ओळखलं, हे आमच्या ऑफिसचं नव्हे.

घोरपडे साहेबांचा फोन, मोटरसायकल, कानटोपी,
पोचलो तर पार लांबपर्यंत लाल दिवे,
आणि आवाज नाही.
हायवेला आवाज नाही, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

कोंबड्यांची गाडी बाजूला घेऊन एकजण
पिंजऱ्यांवर ताडपत्री ओढत होता, त्यांनी बघू नये म्हणून.
मकराण्याच्या फरशीवाल्याला मराठी येईना,
क्लीनरलाही येईना,
पण सगळे हळू चाललेत म्हणून तोही हळू.
एसटीचे मुजावर खिडकीतून म्हणाले,
"हत्ती? लिंबात? बिबट्या लिहिला असता तर मानलं असतं,"
आणि बोलता बोलता दिवे डीम केले.
एक पोरगं मोबाईल वर धरून चालवत होतं,
त्याला पुढच्या टेम्पोवाल्यानं उतरून असा झापला
जसा हत्ती त्याच्या भावकीतला.
एका गाडीत मागची काच खाली होती,
पाचेक वर्षांची मुलगी, मफलरातून फक्त डोळे,
आईला विचारत होती, त्याला थंडी वाजते का गं.

आणि जतचा म्हाळाप्पा.
दोन ट्रॉल्या ऊस, टेप बंद, घाम.
मला खांबापाशी बघितलं, अंगात केशरी जाकीट,
त्याला वाटलं मी सरकार.
"सायब, मागं वीस टन ऊस हाय.
त्याला वास गेला तर मी काय करू?"

लॅपटॉप माझ्या हातात उघडा होता.
सांगायला हवं होतं, खोटं आहे बाबा, जा.
मी म्हणालो,
"समोर बघून जा. थांबू नकोस.
तो काही करत नाही."

तो गेला. ट्रॉलीची साखळी तेवढी वाजली.

त्यानंतर अकरा मिनिटं लावली मी
दोन मिनिटांच्या कामाला.

पासवर्ड पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला होता,
एक दोन तीन चार,
माझ्याच अक्षरात.
कुणी उघडलं असेल?
पॉलिटेक्निकची पोरं? रुसलेला ठेकेदार?
अहवालात कारणाचा रकाना होता.
मी लिहिलं, पेटीत दव शिरलं.
साहेबांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं,
सही केली.

आता पुन्हा वेगमर्यादा ऐंशी.
शंभर, एकशे दहा, एकशे तीस,
मीटरवर आकडे पळतात, मी डबा खातो.
पासवर्ड नवा आहे, तो लिहून ठेवला नाही,
दोनदा विसरलो.

चार दिवसांनी सकाळी शिडी लावायला गेलो
तर खांबाच्या बुडाशी दोन ऊस,
पानं सोलून, नीट एकाला एक लावून ठेवलेले.
इकडंतिकडं बघितलं.
एक तिथंच उभ्यानं खाल्ला.

दुसरा राहू दिला.